शिर्के डॉक्टरांची अट

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी रायफल घ्यायचं ठरवलं, तेव्हा माझी बायको मृणाल एवढंच म्हणाली, "आधी टीव्हीचा रिमोट शोधून दाखव." तिचं काही चुकलं नव्हतं. नागपूरला असताना जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीनं मी जन्मात एक फुगा फोडलेला नाही. एकदा तर माझा छर्रा कुठे गेला ते फुगेवाल्यालाही सांगता आलं नव्हतं, आणि त्यानं अदबीनं बंदूक माझ्या हातातून काढून घेतली होती. गेली अकरा वर्षं मी कॅनडातल्या रेजिनात एका सरकारी खात्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सर्व्हर बसला की माझ्या हाताला घाम सुटतो. अशा माणसानं शस्त्र धरू नये, हे मलाही कळत होतं.

पण झालं असं, की ऑफिसातला एक सहकारी एका शनिवारी मला शहराबाहेरच्या त्याच्या शूटिंग रेंजवर घेऊन गेला. तिथे त्यानं लिव्हर-ॲक्शन रायफल हातात दिली. या रायफलीच्या घोड्याखाली लोखंडी कडीसारखा एक दांडा असतो. तो खाली ओढला की रिकामं काडतूस टुणकन बाहेर पडतं, वर घेतला की नवं आत जातं. मी तो खाली-वर केला, नेम धरला, डोळे मिटून चाप ओढला, आणि पन्नास यार्डांवरची पत्र्याची थाळी वाजली. माझ्याकडून काहीतरी लागलं होतं. तो 'टण्ण' आवाज चार दिवस डोक्यातून जाईना.

मग रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्ससाठी अप्लाय केलं. ते हातात आल्यावर तीन महिने नुसता इंटरनेटवर रायफली बघत बसलो. चौदा रकान्यांची एक्सेल शीट केली. वजन, लांबी, लाकूड कुठलं, पितळ किती, लोक काय म्हणतात. आमच्या लग्नाच्या वेळी माझ्या मावशीनं मुलींची वही ठेवली होती, ती मला यापेक्षा सुटसुटीत आठवते. शेवटी मृणालच वैतागली. म्हणाली, "अरे, शिर्के डॉक्टरकाकांना विचार ना. त्यांच्याकडे आहे तसली."

शिर्के डॉक्टर म्हणजे गाई-घोड्यांचे डॉक्टर. मूळ फलटणजवळचे. सत्तरच्या दशकात सस्कॅचेवनला आले आणि चाळीस वर्षं रेजिनाच्या आसपासच्या गावांतून गोठे पालथे घातले. आता निवृत्त, वय एकोणऐंशी. उंच, किंचित वाकलेले, आणि कुणाशीही बोलताना आधी त्याच्या पायांकडे बघायची सवय. माणूस लंगडतो की नाही हे बघितल्याशिवाय त्यांचं पुढचं वाक्य सुटत नसे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत जेवणाची रांग लावायचं काम कायम त्यांच्याकडे. दोनशे माणसं चिंचोळ्या पॅसेजमधून पुरणपोळीपर्यंत ढकलाढकलीशिवाय कशी न्यायची, हे ते चाळीस वर्षं गुरांना इंजेक्शनं देताना शिकले होते. दंडाला धरून, न बोलता, ते एकेकाला पुढे सरकवत, आणि आम्ही मुकाट सरकत असू.

त्यांच्या पत्नी, सुमतीकाकू, तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून डॉक्टरांच्या आठवड्यात शनिवार हा एकच वार उरला होता. शनिवारी ते दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत, बेसमेंटमधल्या कुंडीतला गवती चहा कापून थर्मास भरत आणि रेंजवर जात. बाकीचे सहा दिवस दाढी नाही. हे मला नंतर कळलं. मी गेलो तो नेमका मंगळवार होता, आणि दार उघडणाऱ्या माणसाला मी क्षणभर ओळखलंच नाही.

मी लॅपटॉप उघडून एक्सेल शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"तुला काय मारायचंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, डॉक्टर. असंच. डबे, थाळ्या."

"मग ही पहिल्या नंबरची कशाला लिहिलीस? हिनं अस्वल पडतं."

"ती दिसायला छान आहे."

"बैल असा घेतात का लेका?" ते म्हणाले. "आधी उभा करतात, चालवतात, दात बघतात. नाव सगळ्यात शेवटी विचारतात."

त्यांनी आतून त्यांची रायफल आणली. ट्वेंटी-टू, म्हणजे सगळ्यात लहान काडतुसाची. लाकडाचा रंग गुळासारखा झालेला. दांडा खाली ओढून काडतुसाचं आतलं रिकामं घर स्वतः बघितलं, बोट घालून चाचपलं, मग मला बघायला लावलं, आणि मगच हातात दिली. पन्नास वर्षांत त्या रायफलीनं एक जिवंत प्राणी मारलेला नव्हता. शेतकरी त्यांना शेतातल्या गोफर खारी मारायला बोलवत, तेव्हा ते सरळ नाही म्हणत. "आयुष्यभर जनावरं वाचवली," ते म्हणत, "आणि जी वाचली नाहीत ती माझ्याच हातानं संपवली. आता डब्याला मारतो. डबा मरत नाही."

"डोळे मीट," त्यांनी मला सांगितलं. "भिंतीकडे तोंड करून खांद्याला लाव. गाल टेकव. आता उघड. नळीच्या टोकावरची नेमाची माशी मागच्या खाचेत दिसते का?"

दिसत होती. जरा डावीकडे होती, पण दिसत होती.

"डोळे उघडल्यावर ती जिला आपोआप दिसते, ती रायफल आपली. जिच्यासाठी मान शोधत फिरावं लागतं ती दुसऱ्याची. आता तशीच धरून सतराचा पाढा म्हण."

मी म्हणायला लागलो. सतरा चोक अडुसष्टला नळीचं तोंड गोल फिरायला लागलं आणि सतरा पाचे मला आठवेना. डॉक्टरांनी माझ्या हातून रायफल काढून घेतली. म्हणाले, ही साडेपाच पौंडांची आहे, आणि तुझ्या यादीतली पहिली साडेसात पौंडांची आहे.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "निवडून देतो. शिकवतोही. पण माझी एक अट आहे."

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखे सारखे हलत होते.

"हे दिसतंय? न्यूरॉलॉजिस्टनं नाव सांगितलंय, गोळ्या दिल्यात. सध्या रायफल उचलली की थांबतं. एक दिवस थांबणार नाही. तो दिवस मला कळायचा नाही, कुठल्याच म्हाताऱ्याला कळत नाही. तुला कळेल, कारण तू शेजारच्या बाकावर असशील. त्या दिवशी तू सांगायचंस. माझ्या लेकीला नाही, रेंज सांभाळणाऱ्या बाईला नाही. मला. आणि एका वाक्यात."

"नक्की सांगेन, डॉक्टर," मी म्हणालो. "पण तशी वेळ बहुतेक येणारच नाही."

"एवढ्याशा बोलण्यात 'पण' आणि 'बहुतेक' दोन्ही आले," डॉक्टर म्हणाले. "सराव लागेल तुला."

त्या उन्हाळ्यात दर शनिवारी आम्ही त्यांच्या पिकअपमधून रेंजवर जायला लागलो. शहर संपलं की वीस मिनिटं सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना मोहरीसारखं पिवळं कॅनोला. रेंजवर डेब नावाची बाई सगळ्यांवर लक्ष ठेवायला असे. पूर्वी ती स्कूल बस चालवायची. चाळीस पोरांना आरशातून गप्प बसवणारी तिची नजर निवृत्त झालेली नव्हती.

डॉक्टरांनी लोकांकडून मागून मागून पाच-सहा जातीच्या लिव्हर-ॲक्शन मला चालवायला दिल्या. पण माझ्या मनातून ती पहिल्या नंबरची जाईना. मोठं काडतूस, मोठी कडी, पितळी अंग. ती हातात घेतलेला मी कसा दिसेन, हे मी आरशासमोर छत्री घेऊन बघितलं होतं. मृणालनं ते पाहिलं, आणि पुढे मंडळातल्या सगळ्यांना सांगितलं. शेवटी रेंजच्या एका सभासदाकडे तीच रायफल निघाली. डॉक्टर म्हणाले, "घे. तीन काडतुसं. मी सांगतोय म्हणून थांबू नकोस."

पहिल्या गोळीला माझी टोपी पडली. दुसऱ्या गोळीला मी पुढच्या लाथेच्या भीतीनं खांदा मागे घेतला, त्यामुळे रायफलीला धाव घ्यायला जागा मिळाली आणि तिनं ती घेतली. तिसरं काडतूस मी मालकाला आभारासह परत केलं. थाळी एकदाही वाजली नाही. डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं, शर्टाची कॉलर बाजूला केली आणि अंगठ्यानं खांदा दाबत गेले. दाबताना ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, कानाकडे बघत होते.

"कानाकडे का बघताय, डॉक्टर?"

"सवय. दुखलं की गाय कान मागे घेते." मग म्हणाले, "हाड ठीक आहे. ऐट मोडली आहे, ती भरून येते."

परत येताना गाडीत त्यांनी एका घोडीची गोष्ट सांगितली. त्यांच्या पहिल्या वर्षातली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची घोडी पोटदुखीनं आडवी पडली होती. आतडं पिळलं होतं, वाचणार नव्हती. डॉक्टरांना हे सोमवारीच कळलं. पण माणूस एकटा, बायको नाही, पोरं नाहीत, ती घोडीच काय ती घरात. मग ते म्हणत राहिले, बघू या, एक औषध देऊन बघू या, उद्या बघू या. गुरुवारी शेवटी त्यांनी तिला इंजेक्शन देऊन संपवलं. शेतकऱ्यानं तिच्या मानेवर हात ठेवला होता. सगळं झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, तुला सोमवारीच माहीत होतं ना?

"तीन दिवस ती ओरडत होती," डॉक्टर म्हणाले. "मला वाटत होतं, मी त्याच्यावर दया करतोय. मी स्वतःवर दया करत होतो. इंजेक्शन अवघड नसतं, ठोंबरे. त्याच्या आधीचं वाक्य अवघड असतं. तेवढंच बोलायला आपल्याला बोलावलेलं असतं."

मला ती गोष्ट फार आवडली. पुढच्या महिन्याभरात मी ती चार ठिकाणी सांगितली आणि प्रत्येक ठिकाणी गंभीर चेहरा केला. ती मला उद्देशून सांगितलेली आहे, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

सप्टेंबरमध्ये आम्ही दुकानात गेलो. मी डोळे मिटले, खांद्याला लावली, उघडले. माशी खाचेत होती. ट्वेंटी-टू, साधा अक्रोडी दस्ता असलेली, पितळाचा कणही नसलेली. चौदा रकान्यांच्या शीटमध्ये ती नव्हतीच. सतराचा पाढा मी दुकानात उभ्यानं शेवटपर्यंत म्हटला. काउंटरमागचा पोरगेलासा विक्रेता, ही कुठल्या धर्माची प्रार्थना आहे, असं तोंड करून आदरानं थांबला होता.

त्यानंतर आठवड्याभरात दसरा आला. शस्त्रपूजा. नागपूरला आमच्याकडे शस्त्र म्हणून विळी, स्क्रूड्रायव्हर आणि वडिलांची स्कूटर पुजत. यंदा घरात खरं शस्त्र होतं. मी मंडळातली चार कुटुंबं बोलावली. रायफल चौरंगावर ठेवली. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे दांडा खाली, घर उघडं, उघड्या घरातून ओवून वायरचं कुलूप. कायदा, गुरू आणि देव, तिघेही एकाच वेळी सांभाळले म्हणून मी स्वतःवर खूश होतो. मृणालनं हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, मी मंत्र म्हणत मूठमूठ अक्षता टाकल्या. आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून मागच्या अंगणातल्या ॲस्पेनची पिवळी पानं सोनं म्हणून वाटली. पाहुणे कुलूप घातलेल्या देवतेच्या पाया पडून गेले. डॉक्टरांना सर्दी होती, ते आले नव्हते. आले असते तर पुढचं टळलं असतं.

शनिवारी रेंजवर माझ्या रायफलीचा दांडा वर जाईना. अर्ध्यात येऊन करकरे. मी जोर लावायला लागलो, तेवढ्यात डॉक्टरांनी मनगट धरलं. त्यांनी आत डोकावून बघितलं, गाडीतून जुनी डॉक्टरी बॅग आणली, लांब चिमटा काढला आणि रायफलीच्या पोटातून एकेक दाणा काढून बाकावर ठेवायला लागले. डेब बघायला आली. तिनं एक दाणा उचलला, उजेडात धरला आणि विचारलं, "इज धिस राइस?"

"राइस," डॉक्टर म्हणाले. "ही फेड इट."

पाचवा दाणा काढून झाल्यावर त्यांनी मला मराठीत विचारलं, "कुठला तांदूळ हा?"

"बासमती."

"देवाला बासमती, आणि गणपतीला आम्हाला जाडा," असं पुटपुटत त्यांनी कुंकू आणि तेलाचा झालेला लाल चिखल कापडानं पुसायला घेतला. त्याला अर्धा तास लागला. ते रागावले नाहीत. एकदाच म्हणाले, "पूजा कर. पण यंत्राची पूजा म्हणजे पुसणं." बारीक चिमट्यानं दाणे काढताना त्यांचा हात एकदाही हलला नव्हता, आणि ते बघून मी मनात अट निकालात काढली. असल्या हाताला काय होणार?

हिवाळाभर रेंज बर्फाखाली. मी ड्राइव्हवे शोव्हल करायचो, मग त्यांचाही करायला जायचो. खिडकीतून ते मला फावडं कसं धरायचं ते खुणेनं सांगायचे. मे महिन्यात पुन्हा शनिवार सुरू झाले. जूनमध्ये ते प्रकरण झालं.

रेंजवर थाळ्या नीट करायला माणसं पुढे जायची असली, की डेब शिटी वाजवते. त्या क्षणी प्रत्येकानं रायफल बाकावर ठेवायची, रिकामी, दांडा उघडा, आणि पिवळ्या रेषेच्या मागे यायचं. पुन्हा शिटी होईपर्यंत रायफलीला बोट लावायचं नाही. हा तिथला सगळ्यात मोठा नियम. त्या दिवशी शिटी झाली, आम्ही मागे आलो, आणि मला दिसलं की डॉक्टरांच्या रायफलीचा दांडा बंद आहे.

सांगायला हवं होतं. पण चार लोकांत, ऐंशीला टेकलेल्या माणसाला, ज्यानं मला शिकवलं त्यालाच? आमच्या घरात आजोबांनी सदऱ्याची बटणं चुकीची लावली तर कुणी बोलत नसे. आई नुसती जाता जाता त्यांच्या अंगावर शाल घालून यायची. मी तेच केलं. चहाचा थर्मास घ्यायचा बहाणा करून बाकाशी गेलो आणि हळूच त्यांच्या रायफलीचा दांडा उघडला.

डेबची आरोळी शेजारच्या शेतापर्यंत गेली असेल. माणसं पुढे थाळ्यांपाशी उभी असताना मी रायफलीला हात लावला होता. तिनं मला सगळ्यांसमोर झापलं आणि उरलेला दिवस रेषेमागच्या खुर्चीत बसवलं. मी खाली मान घालून बसलो. डॉक्टरांचं नाव मात्र घेतलं नाही. माझी छाती आतून थोडी फुगलीही होती.

परतीच्या वाटेवर त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "मी मुद्दाम बंद ठेवली होती. डेबला आधीच सांगून, रिकामी करून, तिला दाखवून."

मी मांडीवरच्या थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं.

"तू बोलतोस का ते बघायचं होतं. तू झाकलंस. वर माझं नाव घेतलं नाहीस, त्याचा अभिमान वाटतोय ना?"

"वाटत होता," मी म्हणालो, आणि आईच्या शालीचं सांगितलं.

"खरी भरलेली असती तर? पुढे चार माणसं होती, ठोंबरे. माझी अब्रू झाकायला तू त्यांच्या पाठीमागे रायफल हाताळलीस." ते चिडून बोलत नव्हते, आणि त्यामुळे जास्त लागत होतं. "मला शाल नको आहे. वाक्य पाहिजे."

मला इतकी लाज वाटली, की घर आल्यावर 'थँक्यू' म्हणायचंही सुचलं नाही.

तरी मी सुधारलो असं समजू नका. जुलैत त्यांच्या हातून काडतुसं पडायला लागली. मी ती निमूट उचलून द्यायचो. ऑगस्टमध्ये नळीत काडतुसं भरताना त्यांना वेळ लागायला लागला, तेव्हा मी गप्पा मारता मारता त्यांची रायफल भरून द्यायला लागलो. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मी आभाळाकडे बघितलं. त्याच सुमारास ब्रॉसार्डहून त्यांच्या मुलीचा, शुभदाचा, फोन आला. ती तिथे, मॉन्ट्रियलजवळ, एका विमानांच्या कंपनीत इंजिनिअर आहे.

"दादा, ही लिसन्स टु यू," ती म्हणाली. "प्लीज बाबांना सांगा ना, इट्स इनफ. त्यांची रूम इथे रेडी आहे. मी बोलले की ते फोन ठेवतात."

"बघतो," मी म्हणालो.

डॉक्टरांना मी 'नक्की' म्हणालो होतो, तिला 'बघतो' म्हणालो. घरी मृणालनं विचारलं, तर तिला 'बघू' म्हणालो. तीन शब्दांत मी तीन महिने काढले. खरी गोष्ट अशी होती, की त्यांचा शनिवार माझ्या हातून जावा असं मला वाटत नव्हतं. त्यात माझाही शनिवार होता. मला त्या माणसाचा लळा लागला होता, आणि वडील गेल्यानंतर मी कुणाशेजारी इतका वेळ न बोलता बसलो नव्हतो.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार. वारा नेहमीचा, ऊन स्वच्छ, पिकं कापून झालेली. डॉक्टरांनी दाढी केली होती, पण हनुवटीखाली एक पट्टा राहून गेला होता. पहिल्या पाच गोळ्यांत त्यांनी चार थाळ्या वाजवल्या. माझ्यापेक्षा दोन जास्त. मग त्यांनी दांडा ओढून सहावं काडतूस आत घेतलं, रायफल उचलली, आणि हात थांबला नाही.

नळीचं तोंड आधी थोडं, मग चांगलंच डावीकडे गेलं. डावीकडच्या बाकावर एक बाई खाली वाकून तिची रिकामी काडतुसं वेचत होती. डॉक्टरांचं बोट चापावर होतं. ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचे डोळे थाळीवर होते, आणि चेहरा एखाद्या शाळकरी मुलासारखा एकाग्र झाला होता.

"डॉक्टर, रायफल खाली ठेवा," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. नळी समोर आली. बोट सुटलं. त्यांनी रायफल बाकावर ठेवली, डाव्या हातानं दांडा ओढला, न उडालेलं काडतूस बाहेर पडून बाकावर गडगडत गेलं. त्यांनी घर बघितलं, बोटानं चाचपलं, मला बघायला लावलं. मी बघितलं. रिकामं होतं.

ते माझ्याकडे न बघता समोरच्या थाळ्यांकडे बघत होते.

"आजच्यापुरती," त्यांनी विचारलं, "की कायमची?"

हा प्रश्न येईल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. जिभेवर सगळं तयार होतं: आज वारा आहे, औषधाची वेळ चुकली असेल, पुढच्या शनिवारी बघू या. डावीकडची ती बाई ताठ उभी राहून वेचलेली काडतुसं डब्यात टाकत होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

"कायमची," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान हलवली. मग म्हणाले, "नीट सांगितलंस." त्यांनी खिशातून कापड काढून रायफल पुसली, घाई न करता, दांड्यापासून नळीच्या टोकापर्यंत, आणि पेटीत ठेवली. कुलूप त्यांना लावता येईना. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि मी लावलं. मला रडू येत होतं, आणि ते डेबला दिसू नये म्हणून मी डोळ्यांवरचा रेंजचा चष्मा काढलाच नाही. ती लांबून बघत होती. तिनं शिटी वाजवली नाही, ती नुसती आमच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि डॉक्टरांच्या खांद्याला हात लावून परत गेली.

दोन्ही पेट्या घेऊन मी पिकअपपाशी आलो आणि मागच्या सीटवर ठेवल्या. डॉक्टर ड्रायव्हरच्या दारापर्यंत गेले, दार उघडलं, आणि तिथेच थांबले. मग बोनेटला हात लावत, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि किल्ली पुढे केली.

"मी फक्त रायफलीचं म्हणालो होतो, डॉक्टर."

"हात तोच आहे ना, ठोंबरे," ते म्हणाले.

त्या मुलखात गाडी गेली की माणसाचं काय काय जातं, ते मला त्या क्षणी कळलं. दुकान, दवाखाना, मंडळ, रस्त्यावर कुणाला हात करणं. मी एका वाक्यात जेवढं सांगितलं असं समजत होतो, त्यापेक्षा त्यांनी कितीतरी जास्त ऐकलं होतं. मला किल्ली घ्यावीशी वाटत नव्हती. त्यांनी हात तसाच पुढे ठेवला, आणि तो हलत होता, म्हणून मी घेतली.

ते स्वतःच्या पिकअपमध्ये पहिल्यांदा ड्रायव्हरशेजारच्या, उजव्या सीटवर बसले. मी सीट पुढे ओढून घेतली, आरसा नीट केला. शेजारी त्यांचा हात ड्रायव्हरच्या सवयीनं डाव्या खांद्याच्या वर सीटबेल्टचा पट्टा शोधत होता. तिथे नुसती हवा होती. मी थोडा वेळ रस्त्याकडे बघत थांबलो. मग त्यांच्याकडे वळलो.

"उजवीकडे आहे, डॉक्टर," मी म्हणालो.